सेन्सरवर खापर फोडू नका

देवउठनी एकादशी झाली की ग्वाल्हेरात लग्नसराई सुरू होते. रात्री अकरानंतर पडाव, फूलबाग, झाशी रोड, गोला का मंदिर या भागांतून वराती आटोपून परतणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. एखाद्या चौकात पोलीस श्वासतपासणीचे यंत्र घेऊन उभे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लष्कर भागातल्या कुठल्याही ओट्यावर, घर मराठी असो की हिंदी, चर्चेचा निकाल एकच लागतो: यंत्र खोटे.

या मताची मांडणी आता सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे. ती अशी: "फणस खाल्ला तरी ते दारू दाखवतं. खोकल्याचं औषध घ्या, होमिओपॅथीचे थेंब घ्या, माउथवॉशनं चूळ भरा, तरी दाखवतं. मधुमेह असेल तर बघायलाच नको. श्वासावरून रक्तातलं कळणार कसं? खरी तपासणी रक्ताची. बाकी हे फुंकायला लावणं म्हणजे वसुली. आणि दारूनं अपघात होतात तरी किती? शंभरात दोन." हे बोलणारी माणसे अडाणी नाहीत. वकील, डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, बँकेतले अधिकारी हे बोलतात, आणि नुकताच वाहन परवाना मिळालेली मुले शेजारी बसून ऐकत असताना बोलतात. मला राग येतो तो याचा. या युक्तिवादातले एकेक वाक्य तपासून पाहिले तर त्यातले जवळजवळ काहीच उभे राहत नाही.

यंत्राला काही कळत नाही असे म्हणणाऱ्याने त्याच्या आत काय असते हे कधी पाहिले आहे का? चांगल्या यंत्रात एक लहानसा इंधनघट असतो, ज्याला फ्युएल सेल म्हणतात. आम्लात भिजवलेली सच्छिद्र चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा बारीक काळा थर, एवढाच त्याचा संसार. माणूस फुंकू लागला की सुरुवातीची हवा यंत्र सोडून देते, कारण ती तोंडातली आणि घशातली असते. फुंकर पुरेशी लांबली आणि फुप्फुसांच्या तळातली हवा येऊ लागली की एक छोटा पंप त्यातली जेमतेम एक घन सेंटिमीटर हवा आत ओढतो. तिच्यात इथेनॉल असेल तर प्लॅटिनमवर त्याचे अ‍ॅसेटिक आम्ल बनते आणि दर रेणूमागे चार इलेक्ट्रॉन सुटतात. हे इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या अंगाला जातात, तिथे हवेतला ऑक्सिजन त्यांना घेतो आणि पाणी तयार होते. तारेतून वाहिलेला विद्युतभार मोजला की इथेनॉल मोजले गेले.

आता प्रमाण बघा. आपल्या कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. श्वासाच्या हिशेबात हे लिटरमागे सुमारे 0.14 मिलिग्रॅम होते. म्हणजे त्या एक घन सेंटिमीटर हवेत एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाहून थोडे अधिक इथेनॉल. तेवढ्यातून सुटणारा विद्युतभार साधारण 1.2 मिलिकुलोंब भरतो. आकडा चिमुकला आहे, पण आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो मोजणे मुळीच अवघड नाही. इथे मत नाही, अंदाज नाही, पोलिसाचा मूड नाही. रसायनशास्त्राची एक अभिक्रिया आहे आणि तिचा हिशेब आहे. 1954 साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी ब्रेथलायझर बनवला तेव्हा पोटॅशियम डायक्रोमेटचा पिवळा रंग किती उतरतो ते पाहावे लागे. पुढे व्हिएन्नात इंधनघटाची कल्पना पुढे आली आणि वेल्समधल्या टॉम पॅरी जोन्स यांच्या लायन लॅबोरेटरीजने सत्तरच्या दशकात ती हातात मावणाऱ्या यंत्रात उतरवली. या तंत्राला पन्नास वर्षे होऊन गेली. विमानाचा वैमानिक उड्डाणाआधी ज्या यंत्रात फुंकतो तेही आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे इंधनघटाचेच असावे लागते, आणि तिथे आकडा पूर्ण शून्य यावा लागतो. आपण विमानात बसताना ज्या सेन्सरवर जीव सोपवतो तोच सेन्सर फूलबागेच्या चौकात आला की खोटा कसा ठरतो?

फणसाची गोष्ट सगळ्यांना आवडते, तर तीच घेऊ. केरळच्या परिवहन महामंडळाच्या पंदलम आगारात 2025 च्या जुलैमध्ये ड्युटीवर येणाऱ्या चालकांच्या श्वासात मद्य आढळले. चालक शपथेवर सांगत होते की प्यायलेलो नाही. शोध घेतला तेव्हा कळले की सगळ्यांनी पिकलेला फणस खाल्ला होता. मग एकाला आधी फुंकायला लावले, आकडा शून्य. त्याला फणस खायला दिला, पुन्हा फुंकायला लावले, आकडा चढला. देशभर ही बातमी यंत्राच्या फजितीची म्हणून फिरली. फजिती झाली ती कुणाची? अतिपिकलेला गोड फणस उष्ण दमट हवेत आंबतो आणि आंबला की त्यात इथेनॉल तयार होते. ते त्या माणसांच्या तोंडात होते. सेन्सरने जे होते ते दाखवले. चुकीचे होते ते खाल्ल्या खाल्ल्या फुंकायला लावणे. तोंडातले मद्य पंधरा मिनिटांत लाळेबरोबर निघून जाते. माउथवॉशचेही तसेच, होमिओपॅथीच्या थेंबांचेही तसेच. म्हणून जगभर नियम एकच आहे: संशय आला तर पंधरा मिनिटे थांबा, काही खाऊ-पिऊ देऊ नका, विडी-सिगरेट ओढू देऊ नका आणि मग पुन्हा घ्या. दुसरा आकडा शून्य आला तर माणूस मोकळा. दुसराही तेवढाच आला तर ते मद्य फणसाचे नाही, रक्तातून फुप्फुसात आलेले आहे. फणस रक्तातला आकडा 30 वर नेत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने लोको पायलटांना ड्युटीआधी केळी, शहाळ्याचे पाणी आणि खोकल्याचे औषध वर्ज्य करणारा आदेश काढला आणि मग मागे घेतला. तो मागे घेणे योग्यच होते. केळ्यावर बंदी घालायची गरज नव्हती, दुसऱ्या चाचणीची सक्ती करायची गरज होती.

मधुमेहाचा मुद्दा अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात आजारी माणसावर अन्याय होण्याची भीती आहे. मधुमेह बळावला की श्वासात अ‍ॅसिटोन येतो हे खरे. पण इंधनघटातले प्लॅटिनम अ‍ॅसिटोनला जवळजवळ हातच लावत नाही. या घटातल्या विद्युतदाबावर अ‍ॅसिटोनचे ऑक्सिडीकरण होत नाही. म्हणजे लोक ज्या यंत्राला मधुमेह्याचा वैरी म्हणतात ते यंत्र मधुमेह्याला ओळखतसुद्धा नाही. एक अपवाद वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. 2007 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. अतिकमी कर्बोदकांच्या आहारामुळे त्याच्या अंगात अ‍ॅसिटोन इतका साचला की त्यातला काही भाग आयसोप्रोपेनॉलमध्ये बदलला, आणि तो मात्र सेन्सरला दिसला. अशी दुर्मिळ शक्यता आहे, म्हणूनच कायद्यात रक्ततपासणीची वाट ठेवलेली आहे. त्या एका माणसाचे उदाहरण पुढे करून पेग रिचवून निघालेल्या हजारोंना सोडून द्यायचे का?

खरा दोष आहे तो दुसऱ्याच सेन्सरचा, आणि या चर्चेत त्याचे नाव कुणी घेत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, किल्लीच्या जुडग्याला अडकवायची जी यंत्रे असतात त्यांत टिन ऑक्साइडचा तापवलेला अर्धवाहक असतो. हा अर्धवाहक कुठल्याही ज्वलनशील वायूला भुलतो. अ‍ॅसिटोन, स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोलची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, इतकेच काय पण हवेतला ओलावा बदलला तरी त्याचा आकडा हलतो. अपसमज पसरवणारे बरेचसे व्हिडिओ अशा खेळण्यांवर काढलेले असतात. त्यात पाव खाऊन, परफ्यूम हुंगवून, सॅनिटायझर चोळून आकडा चढवून दाखवतात आणि तळाशी निष्कर्ष लिहितात की श्वासतपासणी म्हणजे थोतांड. हा निष्कर्ष त्या खेळण्यापुरता खरा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 203 मध्ये श्वासचाचणीची व्याख्याच अशी आहे की ती केंद्र सरकारने राजपत्रात मान्य केलेल्या प्रकारच्या साधनाने व्हावी. त्या कलमावर बोट ठेवून चौकातल्या यंत्राची विचारणा करा. तो तुमचा हक्क आहे. पण खेळण्याचे पाप इंधनघटाच्या माथी मारू नका.

"श्वासावरून रक्तातलं कसं कळणार?" हेन्रीच्या नियमाने कळते. ठरावीक तापमानाला द्रवातला वायू आणि त्याच्या वरच्या हवेतला वायू यांचे प्रमाण ठरलेले असते. फुप्फुसात रक्त आणि हवा यांच्यामध्ये केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो, आणि 34 अंशांच्या उच्छ्वासात हे प्रमाण 2100 ला 1 धरतात. माणसागणिक ते बदलते, ही तक्रार खरी आहे. पण कोणत्या दिशेने? बहुसंख्य माणसांत ते 2300 च्या आसपास निघते. म्हणजे 2100 धरणारे यंत्र बहुतेकांना प्रत्यक्षापेक्षा कमीच दाखवते. फायदा चालकाचा होतो, तोटा रस्त्यावरच्या पादचाऱ्याचा. पिऊन नुकतेच उठलेल्याचा आकडा काही वेळ जास्त येऊ शकतो, तो दंडातल्या शिरेतल्या रक्ताच्या मानाने. त्या वेळी धमनीतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात मद्य तेवढेच असते, आणि गाडी दंड चालवत नाही.

आता रक्ताकडे वळू, कारण सगळ्यांचा शेवटचा आसरा तिथे आहे. "रक्त घ्या, मग बोला." बरे, घेऊ. शरीर दर तासाला 100 मिलिलिटरमागे साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम मद्य संपवते. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. दोघेही मूळचे आपल्या मध्य प्रदेशातले. अपघात झाला अडीचच्या सुमाराला आणि ससून रुग्णालयात अल्पवयीन चालकाचे रक्त घेतले गेले सकाळी अकराच्या सुमाराला. साडेआठ तास. तासाला 15 मिलिग्रॅमची सरासरी धरली तर एवढ्या वेळात सव्वाशेहून अधिक मिलिग्रॅम नाहीसे होते, म्हणजे मर्यादेच्या चौपट प्यायलेला माणूसही कोरा निघेल. आणि त्यानंतर काय घडले? पोलिसांनी न्यायालयात मांडल्याप्रमाणे तो नमुनाही टाकून देण्यात आला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचे रक्त ठेवले गेले. ज्या तपासणीला आपण सोन्याची म्हणतो तिच्यात माणसांचे किती हात लागतात हे त्या प्रकरणाने देशाला दाखवले. रक्त काढणारा, नळीला चिठ्ठी लावणारा, सांभाळणारा, प्रयोगशाळेत नेणारा. यातला प्रत्येक जण विकत घेता येतो. घटनास्थळी पहिल्या अर्ध्या तासात घेतलेला, यंत्राच्या स्मृतीत वेळेसह नोंदलेला आणि कागदावर छापून आलेला आकडा कोण बदलणार? त्या दोघांच्या घरच्यांसमोर उभे राहून "खरी तपासणी रक्ताची" हे वाक्य कुणाला उच्चारता येईल?

वकील मंडळी इथे 1971 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात, बचूभाई हसनअली करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तोंडाला वास येतो, पावले डगमगतात, बोबडी वळते एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी, असे त्यात म्हटले आहे. निकाल बरोबरच आहे. पण तो नाकाने हुंगण्याविरुद्धचा निकाल आहे, सेन्सरविरुद्धचा नाही. त्यानंतर सतरा वर्षांनी आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ने श्वासयंत्राचे नाव घेऊन आकडा ठरवून दिला. इंधनघट आला तो याचसाठी, की डॉक्टरच्या नाकावर आणि पोलिसाच्या नजरेवर कुणाचे नशीब अवलंबून राहू नये. त्या निकालातले तत्त्व मान्य करणाऱ्याने खरे तर यंत्राच्या बाजूने उभे राहायला हवे.

वसुलीबद्दलही हेच. पैसे मागितले जातात हे मी नाकारत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पण लाच कुठे फोफावते? जिथे पुरावा नसतो आणि सगळे एका माणसाच्या शब्दावर असते तिथे. "वास येतोय" असे म्हणणाऱ्याशी सौदा होऊ शकतो. क्रमांक, दिनांक, वेळ आणि आकडा छापणाऱ्या यंत्राशी सौदा होत नाही, कारण किती जणांना फुंकायला लावले आणि किती जणांवर कारवाई झाली हे त्याच्या स्मृतीत उरते. यंत्र काढून घ्या म्हणणारा माणूस लाचखोराच्या सोयीचेच बोलतो.

आणि शंभरात दोन? 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यात मद्याच्या खात्यावर टाकलेला वाटा थोडा दिसतो, कारण मेलेल्या आणि मारणाऱ्या चालकांपैकी बहुतेकांना कुणी फुंकायला लावलेलेच नसते. जे मोजले नाही ते शून्य धरून आकडा काढायचा आणि मग त्या आकड्याच्या जोरावर मोजायलाच नको म्हणायचे, याला युक्तिवाद म्हणवत नाही.

ग्वाल्हेरकरांना तर हे बोलणे मुळीच शोभत नाही. संपूर्ण मध्य प्रदेशाच्या अबकारी आयुक्तांचे कार्यालय आपल्या मोतीमहालात आहे. शहराच्या वेशीवर रायरूला दारूचा कारखाना आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मद्याची तीव्रता मोजली जाते, प्रूफ लिटरचा हिशेब ठेवला जातो, कारण त्यावर सरकारचा महसूल अवलंबून आहे. ते मोजमाप खोटे असे कुणी ओट्यावर बसून म्हणत नाही. बाटलीतले इथेनॉल मोजण्यावर विश्वास आहे आणि तेच इथेनॉल माणसाच्या छातीतून परत आले की विश्वास उडतो! याच शहरात डीआरडीई ही संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे, जिथे युद्धातली विषारी रसायने ओळखण्याची साधने घडवली जातात. वायूतला अगदी थोडा अंश पकडणे म्हणजे काय, हे ज्या शहरातली माणसे पोटापाण्यासाठी करतात त्या शहराने फणसाच्या व्हिडिओवर मान डोलवावी?

एक तक्रार मात्र मी स्वतः करतो, आणि ती यंत्र राखणाऱ्यांविरुद्ध आहे. इंधनघट म्हातारा होतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीच्या धुक्यात चार-पाच अंशांवर येतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर तापलेल्या सेन्सरमधले आम्लाचे पाणी सुकते, थंडीत अभिक्रिया मंदावते. म्हणून ठरावीक मुदतीने, माहीत असलेल्या प्रमाणाचा मद्यवायू सोडून त्याचे अंशशोधन करावे लागते. पण इथेही नीट बघा: जुना, सुकलेला, दुर्लक्षित इंधनघट बहुधा कमी आकडा दाखवतो, जास्त नव्हे. यंत्राची हेळसांड झाली तर निरपराध अडकत नाही, पिणारा सुटतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2024 साली श्वासयंत्रांना वैधमापनशास्त्राच्या कक्षेत आणणारे मसुदा नियम काढले, दरवर्षी पडताळणी, शिक्का वगैरे. भाजीवाल्याच्या तराजूला जो शिक्का आपण मागतो तो चौकातल्या यंत्राला असलाच पाहिजे. तो मागा, जोरात मागा. अंशशोधनाची तारीख पावतीवर छापलेली मागा. पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी मागा. यातली प्रत्येक मागणी यंत्र अधिक अचूक करते, आणि यातली एकही मागणी आजवर मी त्या ओट्यावरच्या टीकाकारांच्या तोंडून ऐकलेली नाही. त्यांना अचूक यंत्र नको आहे, यंत्रच नको आहे.

आग्र्याकडून येणारा आणि शिवपुरीकडे जाणारा महामार्ग या शहराला वळसा घालून जातो. त्यावर माणूस दगावलेल्या प्रत्येक अपघातात, गाडी कुणाचीही असो, जागच्या जागी चालकाला फुंकायला लावावे आणि तो आकडा एफआयआरच्या पहिल्या पानावर यावा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा कायद्यात आहेच. आणि जो फुंकायला नकार देईल त्याच्यासाठी कलम 205 आहे: सबळ कारण दाखवल्याशिवाय दिलेला नकार न्यायालय त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला दुजोरा मानू शकते. न प्यायलेल्या माणसाने त्या नळीत फुंकून द्यायला चार-पाच सेकंद लागतात.